हमाली अधिक तोलाई = ‘१२०30’? स्क्रिप्ट शिकतेय, मदत हवी

हिशेबवाली, कोल्हापूर
नमस्कार. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात चौदा वर्षं हिशेब लिहिते. शिक्षण बी.ए., कोडिंगचा गंध नाही. सौदे झाले की पट्ट्या करायच्या: रवे, वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, असा शेतकऱ्याचा हिशेब. हंगामात रोज साठ-सत्तर होतात, आणि शेतकरी समोर बाकावर बसलेला असतो, त्याला गावची एसटी गाठायची असते. म्हणून गुगल शीट्सची ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटमधली कामं आपोआप करून घ्यायचं कोडिंग, शिकायला घेतली. रात्री जेवणं आवरली की मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर बसते. पण हमालीत तोलाई मिळवली की उत्तर येतं ‘१२०30’. दीडशे का येत नाहीत? तीन रात्री यातच गेल्या.

उजळाईवाडीकर
ताई, उत्तरातच खूण आहे. १२० मराठी आकड्यांत, 30 इंग्रजीत. हमालीचा कॉलम कुणीतरी मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून भरलाय. बघा, तो आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला असेल. खरी संख्या उजवीकडे जाते. डावीकडचा म्हणजे नुसता मजकूर. ॲप्स स्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्ट ही कोडिंगची भाषाच. तिथं अधिकच्या एका बाजूला जरी मजकूर असला तरी बेरीज होत नाही, दोन्ही एकापुढे एक जोडले जातात. मजकुराची संख्या करणाऱ्या ‘नंबर’ फंक्शनलाही मराठी आकडे कळत नाहीत. कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावा, फक्त संख्याच घेईल असं.

दूधसंस्था सचिव, करवीर
मी बारावी शिकलेला. मॅक्रो, म्हणजे आपण हातानं केलेल्या कामाचा शीटनं आपोआप लिहिलेला कोड, रेकॉर्ड करून शिकलो. एक्स्टेन्शन्स मेनूत मॅक्रो चालू करायचा, रोजचं काम हातानं करायचं, मग त्यानं लिहिलेल्या कोडची एकेक ओळ बदलून काय होतं ते बघायचं. मूळ शीटला हात लावू नका, कॉपी काढून करा.

दहा दिवसांच्या दूधबिलाला मी एकेक सेल वेगळा वाचत होतो. सहा मिनिटं उलटली की स्क्रिप्ट थांबते, बिलं अर्धवट राहायची. आता ‘गेटव्हॅल्यूज’नं सगळ्या ओळी एकदम उचलतो, काही सेकंदांत होतं. फक्त तिथं मोजणी शून्यापासून असते. मी एकापासून मोजलं आणि पहिल्या खात्यावरच्या आजींचं बिलच निघालं नाही. डेअरीच्या दारात उभ्या होत्या बिचाऱ्या.

हिशेबवाली, कोल्हापूर
दादा, आकडे डावीकडेच होते! दुकानातला पोरगा काट्याजवळून मोबाइलवर भरतो. व्हॅलिडेशन लावून आकडे परत भरून घेतले, 150 आले. आज अकरा पट्ट्या स्क्रिप्टनं काढल्या आणि वहीशी ताडून पाहिल्या. पै न् पै जुळली. उद्या वजनाचा कॉलम घेते.