रानवाटेवरचा तपास: मुलांसाठी शिक्क्यांची शोधयात्रा कशी आखावी?

प्रश्न

येडशीच्या रामलिंग घाटाजवळच्या एका गावात मी सातवी-आठवीच्या वर्गांना शिकवते. डिसेंबरात ४२ मुलांसाठी रानवाटेवर लेटरबॉक्सिंगच्या पद्धतीचा एक गुप्तहेरी तपास आखायचा आहे. वाटेवर डबे लपवायचे, प्रत्येकात एक रबरी शिक्का आणि एक नोंदवही ठेवायची. ज्याला डबा सापडेल त्याने त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसाच झाकून पुढे जायचे, असा हा खेळ आहे. त्यातून कोणी काही घरी नेत नाही, हे मला फार आवडते.

एप्रिलमध्ये मी लहानसा प्रयोग केला होता. चकाकणारा स्टीलचा डबा वानरांनी पळवला, दुसऱ्यातली वही वाळवीने खाल्ली आणि तिसऱ्यातली शाईची गादी उन्हाने कोरडी ठणठणीत झाली. याहून जास्त खंत वेगळीच आहे. हरवलेल्या हाराची गोष्ट रचली होती, मुले एका डब्याकडून दुसऱ्याकडे धावत सुटली, आणि परतल्यावर दुसऱ्या डब्यापाशी कोणते झाड होते असे विचारले तेव्हा एकालाही सांगता आले नाही. मुलांची नजर रानावर खिळेल असा तपास कसा रचावा? आणि डबे नेमके कुठे ठेवावेत?

उत्तर १

बाई, मी इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त काही वर्षे होतो, तेव्हा हा खेळ जिथे जन्मला त्या डार्टमूरच्या माळावर बराच हिंडलो आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली, आणि दलदल तुडवत तिथवर पोचणारे लोक तिच्यात आपले नावाचे कार्ड टाकू लागले. पुढे लोक पत्ता घातलेली पत्रे ठेवू लागले, नंतर येणारा ती नेऊन टपालात टाकी, म्हणून ‘लेटरबॉक्स’ हे नाव पडले. शिक्के त्यानंतर आले. म्हणजे मूळ ओढ त्या अवघड जागेची होती, बाटली ही तिथवर पोचल्याची खूण होती. आपल्या एप्रिलच्या खेळात हे उलटे झाले असावे असे मला वाटते.

म्हणून एकच कसोटी लावावी: वर्गात बसून सुटेल असा एकही माग लिहू नये. “साल सोलून निघालेल्या सालईपाशी उभे राहा, तिथून जो पहिला पळस दिसेल त्याच्याकडे चाळीस पावले चाला” असे लिहिले की मुलाला सालई आणि पळस ओळखल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. पावले आधी शाळेच्या मैदानावर पन्नास मीटरांत मोजून घ्यावीत, कारण पाचवीच्या अंगाचा मुलगा आणि आठवीतली उंच मुलगी यांच्या पावलांत बराच फरक पडतो. होकायंत्र हातात धरावे, दगडावर टेकवू नये. आपल्या काळ्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते आणि त्यामुळे सुई ढळू शकते. शाईची गादी डब्यात न ठेवता प्रत्येक गटाकडे द्यावी.

उत्तर २

मी वनरक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून जागेविषयी सांगतो. रामलिंग घाट हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तिथल्या प्रवेशावर निर्बंध आहेत, आणि बाहेरची वस्तू तिथे लपवून ठेवणे मला मुळीच मान्य नाही, मग हेतू कितीही चांगला असो. गावाचे गायरान किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचा ओढ्याकाठचा माळ निवडावा आणि ग्रामपंचायतीची अथवा मालकाची लेखी संमती घ्यावी.

दुसरी गोष्ट मी हात जोडून सांगतो. डबा दगडाखाली, कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत ठेवू नका. आपल्याकडे दगडाखाली विंचू असतो, फुरसे असते, आणि शोधाच्या भरात लेकरू न बघता हात घालते. डबा कमरेइतक्या उंचीवर, पानांच्या आडोशाला, फांदीला सुतळीने बांधावा. तो घट्ट झाकणाचा, मातकट रंगाचा आणि प्लास्टिकचा असावा, म्हणजे वानरांच्या नजरेत भरणार नाही आणि जमिनीवरची वाळवीही सहजी पोचणार नाही. मुलांनी पायांत बूट घालावेत, वाटेत आग्या मोहोळ नाही याची आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी, आणि खेळ संपला की त्याच संध्याकाळी सगळे डबे काढून आणावेत.

उत्तर ३

वरच्या दोघांशी मी सहमत आहे. हार आणि चोर यांची गोष्ट मात्र सोडून द्यावी, कारण ती रानात घडली काय आणि बाजारात घडली काय, सारखीच. डिसेंबरात बोरे पिकू लागतात. तेव्हा प्रकरण असे मांडता येईल: बांधावर बोराच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडली आहे, ती कोणाची? संशयित पाच: वानर, मोर, ससा, रानमांजर आणि कोल्हा. डबे चारच ठेवावेत. प्रत्येक डब्यातला शिक्का म्हणजे एका संशयिताच्या पायाचा ठसा, आणि सोबतच्या चिठ्ठीत तो निर्दोष का, याचा पुरावा. घटनास्थळी चार बोटांचा, पुढे नखे टोचलेला ठसा उमटलेला आहे. मोराची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, वानराचा पाय हातासारखा दिसतो, ससा अशी विष्ठा टाकत नाही, आणि रानमांजर चालताना नखे आत ओढून घेते म्हणून त्याच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत. ज्याचा ठसा वहीत मिळालाच नाही, तो कोल्हा. कोल्हा बोरे आवडीने खातो, हे अनेक मुलांना तिथेच प्रथम कळेल. त्याला गुन्हेगार म्हणू नये, अशी मात्र माझी आग्रहाची विनंती आहे; खाल्लेल्या बोरांच्या बिया तो दूरवर नेऊन टाकतो.

मुलांचा स्वतःचा शिक्का विकत आणण्याची गरज नाही, अंगठा पुरेसा आहे. जगातले पहिले बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ साली कोलकात्यात सुरू झाले आणि त्या ठशांच्या वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचे श्रम होते, हे मुलांना अवश्य सांगावे. आपल्या घरांत बोटांवरचे शंख आणि चक्र मोजण्याची सवय असतेच. नोंदवहीतल्या अंगठ्यांत शंख किती आणि चक्रे किती हे परतल्यावर मोजता येईल. ज्यांच्या आजी-आजोबांनी सही येत नाही म्हणून मान खाली घालून अंगठा उठवला, त्यांच्या नातवंडांनी तोच अंगठा अभिमानाने उठवावा, असे मला मनापासून वाटते.

एखादी चिठ्ठी मुलांच्या च च्या भाषेत द्यावी, म्हणजे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी च ठेवायचा: पळसचे होते चळसप. शेवटची चिठ्ठी मोडीत लिहावी आणि ती वाचून देण्यासाठी मोडी जाणणारे कोणी आजोबा झाडाखाली बसवता आले, तर फारच उत्तम.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा तिघांची मी ऋणी आहे. गावाबाहेरच्या ओढ्याकाठच्या माळासाठी मालकांची लेखी संमती मिळाली आहे. सहा-सहा मुलांचे सात गट दहा-दहा मिनिटांच्या अंतराने निघतील. खोडरबरावर रानमांजराचा पंजा कोरून पाहिला. शिक्का उलटा उमटतो हे आधी ध्यानात आले नव्हते, त्यामुळे डावा पंजा उजवा झाला. आता आधी पातळ कागदावर काढून, तो कागद रबरावर पालथा घालून गिरवते आणि मग कोरते.

वनरक्षककाका, आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी जागा पाहायला गेले होते. बांधावरच्या बोरीपासून वीसेक पावलांवर खरोखरच वाळलेली विष्ठा पडलेली दिसली, तिच्यात बोराच्या अकरा बिया होत्या, आणि शेजारच्या ओल्या गाळात चार बोटांचा एक ठसा होता, पुढे नखांचे बारीक टोचे उमटलेले. मी फोटो काढून घेतला आहे. घटनास्थळ तेच ठेवणार आहे.