आधी मर्सी की आधी अ‍ॅना? लांडग्यांच्या या पुस्तकांचा क्रम एकदाचा ठरवूया

विश्रामबागकर

परवा मामेबहीण पुस्तक परत करायला आली ती तणतणतच. "हे पहिलंच पुस्तक ना? मग ही दोघं आधीपासून एकमेकांत गुंतलेली कशी? तुझ्या प्रतीची पानं गळलीत."

पुस्तक पॅट्रिशिया ब्रिग्ज यांचं 'क्राय वुल्फ'. पानं शाबूत होती, गळली होती ती एक अख्खी गोष्ट. चार्ल्स आणि अ‍ॅना शिकागोत भेटतात ती 'अल्फा अँड ओमेगा' नावाची दीर्घकथा 2007 मध्ये एका संग्रहात आली, आणि 2008 चं 'क्राय वुल्फ' तिथून पुढे सुरू होतं. मुखपृष्ठावर मात्र 'पहिलं पुस्तक'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकाच जगात दोन मालिका आहेत. या जगात काही माणसं लांडग्याचं रूप घेतात, 'लांडगे' म्हणजे तीच. एक मर्सी थॉम्प्सनची. ही गाड्या दुरुस्त करते, लांडग्यांत वाढली, पण स्वतः कायोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) होते. 2006 च्या 'मून कॉल्ड'पासून 2024 पर्यंत चौदा कादंबऱ्या. दुसरी चार्ल्स-अ‍ॅनाची, 2021 पर्यंत सहा.

माझं मत ठाम आहे. दोन्ही मालिका एकत्र, ज्या वर्षी जे छापून आलं त्याच क्रमाने वाचायच्या. बाईंनी हे जग लिहिता लिहिता उभं केलंय, आपणही तसंच त्यात शिरावं. उदाहरण देतो. 'फेअर गेम' (2012) च्या शेवटी फे लोक (आपले यक्ष-गंधर्व समजा, फक्त जास्त खुनशी) असा एक निर्णय घेतात की सगळ्या जगाची घडी विस्कटते. पुढच्या वर्षीचं मर्सीचं 'फ्रॉस्ट बर्न्ड' त्या विस्कटलेल्या जगातच उघडतं. नुसती मर्सी वाचणाऱ्याला वाटतं, आपण मधे झोपलो होतो की काय.

कृष्णाकाठी

'फेअर गेम'पुरतं मान्य. पण तुमचा क्रम सुरुवातीलाच गळपटतो.

'हंटिंग ग्राउंड'मध्ये युरोपातले लांडगे सिएटलला जमतात. वाद कशावर, तर माणसांसमोर आपण उघड व्हायचं की नाही. हे पुस्तक 2009 चं. आणि 2007 च्या 'ब्लड बाउंड'मध्ये लांडगे उघड होऊन मोकळे झालेत! म्हणजे छपाईच्या क्रमाने जाणारा माणूस लग्न लागल्यावर दोन वर्षांनी बैठकीला जाऊन बसतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

घटना घडल्या त्या क्रमाने वाचा. 'मून कॉल्ड', मग ती शिकागोची कथा, 'क्राय वुल्फ', 'हंटिंग ग्राउंड' आणि त्यानंतर 'ब्लड बाउंड'. 'मून कॉल्ड'मध्ये मॅक नावाचं ते पोरगं शिकागोहून येतं, त्याच्या बाबतीत तिथे काय शिजलं याचा छडा लावायलाच चार्ल्स जातो. धागा ताजा असताना ओढला तर मजा.

विश्रामबागकर

'हंटिंग ग्राउंड' आपण बैठकीचा निकाल काय लागतो म्हणून वाचतो का? अ‍ॅना त्या खोलीभर दांडग्या लांडग्यांत कशी उभी राहते, हे बघायला वाचतो. निकाल माहीत असला तरी ते पान उलटवतंच. रामाला वनवास होणार हे माहीत असतं म्हणून कीर्तनातून कुणी उठून जात नाही.

हळदीचा वायदा

कृष्णाकाठी यांना एकच प्रश्न. घटनाक्रम म्हणजे अगदी घटनाक्रम ना? मग सुरुवात 'सिल्व्हर' या कथेपासून करावी लागेल. ती चार्ल्सचा भाऊ सॅम्युएल आणि एरियाना यांची, कैक शतकांपूर्वीची. 'शिफ्टिंग शॅडोज' (2014) संग्रहात पहिलीच आहे. नवख्या वाचकाने ती आधी वाचली तर सॅम्युएल कोण, त्याचं एवढं दुःख का, काहीच लागणार नाही. वर मर्सीच्या 'सिल्व्हर बोर्न'मधली गंमत फुकट जाईल ती वेगळीच.

आणि विश्रामबागकर, तुम्हीही हसू नका. ती शिकागोची कथा या 'शिफ्टिंग शॅडोज'मध्येच पुन्हा छापली आहे. बहिणीला तोच संग्रह मिळाला तर छपाईच्या हिशोबाने तिने 2014 पर्यंत थांबायचं का?

विश्रामबागकर

कथा पहिल्यांदा छापली ते वर्ष धरायचं. 2007.

हळदीचा वायदा

सोयीचं असेल तेव्हा पहिली आवृत्ती. बरं.

माधवनगर गॅरेज

मी कादंबऱ्या फार वाचत नाही, पण मुलीने 'मून कॉल्ड' हातात दिलं ते गाड्यांमुळे. नायिका फोक्सवॅगनची मिस्त्री. शेजारचा तो ॲडम, लांडग्यांचा म्होरक्या, त्याला चिडवायला ती कुंपणाजवळ एक मोडकी रॅबिट ठेवते आणि भांडण झालं की तिचा आणखी एखादा पार्ट काढते. रॅबिट म्हणजे पहिली गोल्फ, अमेरिकेत त्या नावाने विकायचे. प्रेमात पडण्याची ही रीत मला एकदम पटली. आमच्या गॅरेजमागे पण अशी एक फियाट उभी आहे, फक्त शेजारी चिडून लग्नाला तयार होत नाही, महापालिकेत तक्रार करतो.

तिचा म्हातारा वस्ताद झी हा स्वतः फे. फे लोकांना लोखंड सोसत नाही, पण याला सोसतं, म्हणून गॅरेज चालवू शकला. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, त्यातलाच प्रकार. क्रमाबद्दल म्हणाल तर: मर्सी आधी. नटबोल्ट ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट क्रमाने बसवायचे एवढंच मला कळतं.

जतचा माळ

क्रम राहू दे बाजूला. मला या सगळ्या 'अल्फा' प्रकरणाचाच राग हाय. आमच्याकडं खरा लांडगा हाय. मेंढरं बसवली की कोकरांभोवती वाघर म्हंजे जाळी लावावी लागती, कुत्री राखणीला ठेवावी लागत्यात. तो चार-पाचाच्या टोळीनं फिरतो, आणि ती टोळी म्हंजे नवरा-बायको न् त्यांची पोरं. कोण म्होरक्या, कोण गुलाम, असलं काय नसतंय.

ही मारामारी करून अल्फा होण्याची कल्पना 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून मांडली. एकमेकांची ओळख नसलेले लांडगे एका जागी कोंडले तर भांडणारच की. डेव्हिड मीच (Mech) यांच्या 1970 च्या पुस्तकानं ती जगभर गेली, आणि 1999 ला त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हंजे कुटुंब असतंय. कादंबरीवाल्यांना हे कुणीतरी सांगा.

मिरजेची मंजिरी

दादा, बरोबर आहे तुमचं, पण हे लांडगे रानातले नाहीत, माणसंच आहेत. एकमेकांची ओळख नसलेली, एका नियमाखाली कोंडलेली. शेंकेलच्या पिंजऱ्यात शोभतील अशीच. आणि अ‍ॅना ओमेगा आहे म्हणजे सगळ्यांत खालची नव्हे. ती उतरंडीच्या बाहेर आहे, ती जवळ असली की भडकलेले शांत होतात. शिकागोच्या कळपाने तिला मुद्दाम खालची म्हणून वागवलं, तीच तर तिची गोष्ट आहे.

आता क्रमाचं. तुम्ही सगळे कोष्टकं मांडताय आणि या पुस्तकांत प्रेम आहे हे विसरताय. मर्सी स्वतः 'मी' म्हणून बोलते, तिरकस, हसवते. अ‍ॅना-चार्ल्सची गोष्ट बाहेरून सांगितली आहे, हळू, जखमेवर फुंकर घातल्यासारखी. एक पुस्तक इकडचं, एक तिकडचं असं केलं की दोन्ही सूर बिघडतात. माझं म्हणणं, आधी मर्सीची पहिली चार सलग, मग अ‍ॅनाकडे जा.

एक सांगायलाच हवं, इथे कुणी बोललं नाही म्हणून. मालिकेतल्या तिसऱ्या, 'आयर्न किस्ड'च्या शेवटाकडे मर्सीवर बलात्कार होतो. लेखिकेने तो मिरवलेला नाही, आणि त्याचे परिणाम पुढच्या पुस्तकात नीट पेललेत. पण जिला सोसणार नाही तिला आधी माहीत असावं. यात स्पॉयलर फुटला तरी चालेल. आणि 'आयर्न किस्ड' वाचलं तर 'बोन क्रॉस्ड' लगेच घ्या. विश्रामबागकरांच्या क्रमात त्या दोघांमध्ये 'क्राय वुल्फ' येतं. मर्सीला त्या अवस्थेत सोडून मी मोंटानाच्या बर्फात फिरायला जाऊ? मला नाही जमायचं.

विश्रामबागकर

हा मुद्दा मी धरला नव्हता. तेवढी एक अदलाबदल मान्य.

कृष्णाकाठी

एक मान्य केलंत की बाकीची रांगेत उभी आहेत.

आयर्विनवरून

मी सुरुवात केली नवव्या पुस्तकापासून. 2019 च्या सांगलीच्या पुरानंतर ओळखीच्या एकाने पुस्तकं उन्हात वाळत घातली होती. जे सुकलं ते मला दिलं. 'फायर टच्ड', पानं पापडासारखी. कोण कुणाचं हे निम्म्यापर्यंत कळलं नाही, पण सोडवलंही नाही. मग सहावं मिळालं, मग पहिलं. हजार-हजार रुपयांची नवी पुस्तकं ओळीने घेणाऱ्यांनी क्रमावर भांडावं. आम्हाला जे मिळतं तो क्रम.

कृष्णाकाठी

भावना पोचल्या, पण मिळालेली घरात साठवून मग ओळीने वाचता आली असती.

आयर्विनवरून

साठवलेली कुठे जातात ते बघितलंय आम्ही. आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं की कळतं.

विटलेली वाचक

मीच ती मामेबहीण. दादाने धागा काढलाय हे वहिनीने सांगितलं.

पानं गळली म्हणाले ते खरं, पण तशीच पुढे वाचली. अ‍ॅना घाबरलेली का, चार्ल्सला गोळी कुठे लागली, मला ठाऊक नव्हतं. ॲस्पन क्रीकच्या, म्हणजे चार्ल्सच्या गावच्या लोकांनाही ठाऊक नव्हतं. ती नवी मुलगी त्यांच्यात येते तेव्हा ते तिच्याकडे जसे बघत होते, तशीच मी बघत होते. शिकागोची कथा कालच वाचली, हळदीचा वायदा यांच्या सांगण्यावरून संग्रह मिळवला. सगळं कळलं आणि थोडं वाईटही वाटलं. आधी वाचली असती तर अ‍ॅनाची फक्त दया आली असती. तेव्हा दादा, तुझा क्रम तुझ्याजवळ.

बाकी 'फेअर गेम' माझ्याकडेच आहे, वाचून झालं. 'फ्रॉस्ट बर्न्ड' कधी देतोस?

विश्रामबागकर

अगं, मधलं 'हंटिंग ग्राउंड'?

विटलेली वाचक

ते ऑफिसातली मैत्रीण वाचतेय. तिचं झालं की घेईन.