जॉइस्टला 'कडी' म्हणावं की 'तुळई'?

पांझराकाठ
जुन्या घराच्या माळ्यावर सामान ठेवता यावं म्हणून फळ्या कशा जडाव्यात, याची एक ब्रिटिश माहितीपत्रिका धुळे-जळगावकडच्या वाचकांसाठी मराठीत आणतोय. 'जॉइस्ट'ला, म्हणजे फळी ज्यांच्यावर बसते त्या आडव्या लाकडांना, 'कडी' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'तुळई' केलं. त्यांचं म्हणणं, 'फळी कडीला स्क्रूने जडा' वाचलं की शहरातल्या माणसाला दाराची कडी आठवते. 'लॉफ्ट'ला 'माळा' लिहावं तर मुंबईकर त्याचा अर्थ मजला घेणार. काय ठेवू?

अमळनेरी
तुळई अजिबात नको. तुळई म्हणजे भिंतीवर किंवा खांबांवर टेकलेलं मुख्य लाकूड. कड्या तिच्यावर आडव्या बसतात. दोन तुळयांत आठ-दहा फुटांचं अंतर असू शकतं. तुमची पत्रिका वाचून कोणी फक्त तुळयांवर प्लाय टाकला तर तो मधे झोळ धरणार. चिपबोर्ड अठरा मिलिमीटरचा असेल तर आधार दर ४५० मिमीला लागतो, २२ चा असेल तर ६०० ला. हा हिशेब कड्यांचा आहे. शिवाय 'कडीपाट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेच: खाली कडी, वर पाट. त्यात दाराची कडी कोणाला दिसत नाही.

निखळ मराठी
कडी मान्य. पण 'लॉफ्ट बोर्डिंग'साठी 'फळ्या टाकणं' फार ढोबळ होतं. 'तक्तपोशी' हा भारदस्त शब्द आपल्याकडे असताना तो का वापरू नये?

अमळनेरी
तख्त फारसी, पोश फारसी. पलंगपोस, पायपोस त्याच घरातले. त्यामुळे निखळ मराठीसाठी तो शब्द सुचवणं पटत नाही. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आमच्याकडे सुतार तक्तपोशी म्हणतो ती कडीच्या खालून ठोकलेली. कचरा, माती खाली पडू नये, एवढंच तिचं काम. तिच्यावर पाय दिला तर खिळे उपसून माणूस फळीसकट खाली. सामानाची फळी कडीच्या वरून बसते आणि तिचं वजन कडीवर जातं. पत्रिकेत हे दोन्ही एका शब्दात आले तर अपघात होईल.

निखळ मराठी
ही खानदेशातली वहिवाट झाली. इतरत्र वरच्या लाकडी जमिनीलाही तक्तपोशी म्हणतात. एका जिल्ह्याच्या सुतारांवरून अर्थ ठरवू नये.

सागवान
वाचक इथलेच आहेत, तेव्हा अर्थ इथलाच धरावा. आणि हा भेद शब्दापुरता नाही. कडी वजनासाठी घातली आहे की नुसतं छत धरायला, हे आधी पाहावं लागतं. धान्य ठेवायला बांधलेल्या जुन्या माळ्याच्या कड्या जाड सागाच्या असतात. नंतर कौलं काढून पत्रे टाकताना घातलेल्या बऱ्याचदा बारीक, छतापुरत्या. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांतही माळ्याच्या कड्या छतासाठीच असतात आणि त्यांच्यावर चौरस मीटरला साधारण २५ किलो धरतात. ज्वारीचं क्विंटलचं पोतं आडवं टाकलं तर सहा चौरस फूट जागा घेतं, म्हणजे चौरस मीटरला १८० किलोच्या आसपास. रिकाम्या बॅगा, गाद्या, दिवाळीचं सामान ठीक. पोती, पाट्या-वरवंटे खालीच राहू द्या.

जडण्याचं थोडक्यात. फळी कड्यांना काटकोनात आणि दोन ओळींचे सांधे एका रेषेत नकोत. आमच्या भाषेत, 'फयीना जोड कडीवरच येवाले जोयजे.' कड्या १६ इंचांवर असतील तर आठ फुटी प्लाय बरोबर सहा गाळ्यांत (गाळा म्हणजे दोन कड्यांमधली जागा) बसतो. १८ इंचांवर असतील तर तो ९० इंचांवर कापावा लागतो, नाहीतर टोक अधांतरी राहतं. जुन्या घरात दोन कड्यांमधलं अंतर सारखं नसतंच, म्हणून प्रत्येक गाळा मोजायचा. आख्खी शीट माळ्याच्या तोंडातून वर जात नाही, तेव्हा खालीच फूट-दीड फूट रुंदीच्या पट्ट्या पाडून घ्या. खिळा नको. हातोडीच्या धक्क्याने खालच्या छताची माती, गिलावा सुटतो. अठरा मिमीच्या फळीला ५० मिमी स्क्रू घ्या आणि आधी गिरमिटाने भोक पाडा. जुना साग इतका कडक असतो की भोक न पाडता स्क्रूचं डोकंच तुटतं. भिंतीपाशी अर्धा इंच मोकळी जागा सोडा. मे महिन्यात पत्र्याखाली लाकूड आटतं, पावसाळ्यात फुगतं, जागा नसेल तर फळी मधून उठते. वायरी फळीखाली दाबू नका.

नवापूरवाला
'माळा'चा मजल्याशी घोळ टाळायचा असेल तर आमच्या बाजूला गुजरातीतलं 'माळियुं' सर्रास चालतं. त्याचा अर्थ मजला होत नाही.

रावेरकर
बऱ्हाणपूरकडे 'टांड' म्हणतात. पण टांड भिंतीला लागून असते, फळीसारखी. पूर्ण माळ्याला तो शब्द पुरत नाही.

पांझराकाठ
मग 'पोटमाळा'?

अमळनेरी
पोटमाळा म्हणजे मजल्याच्या पोटातला अर्धा मजला. छपराखालच्या जागेला नुसतं माळाच. शेतात राखणीसाठी खांबांवर उभारतात तोही माळाच. माझ्या मते मूळ अर्थ उंचावरची फळी, मजला हा पुढचा. अहिराणीत ळचा य होऊन तो 'माया' होतो, म्हणून इथला कोणी तसं म्हणाला तर चकू नका.

निखळ मराठी
राखणीच्या माळ्याचा उगम मला 'माळ' म्हणजे उंचवट्याच्या जमिनीत वाटतो, फळीत नाही.

रावेरकर
पत्रिकेत धाब्याच्या घरांचं काय केलंय? तिथे कड्यांवर किलच्या (बारीक काटक्या), त्यावर निंबाचा पाला किंवा पऱ्हाट्या आणि वर मातीचा थर असतो. माळाच नाही, कड्या थेट छपराचं वजन पेलतात.

पांझराकाठ
त्याबद्दल काहीच नाही. त्याऐवजी थंडीसाठी कड्यांमध्ये घालायच्या २७० मिमी लोकरीवर दोन पानं आहेत. फळी दाबून बसली की लोकर चेपते आणि उपयोगाची राहत नाही, म्हणून फळ्या कड्यांवर बसवलेल्या छोट्या पायांवर उचलायला सांगितलंय.

सागवान
ती पानं गाळा आणि त्या जागी कड्यांची टोकं तपासायला सांगा. मातीच्या भिंतीत गेलेल्या टोकाला वारा लागत नाही, पावसाळ्यात ओल धरते आणि वाळवी तिथूनच शिरते. दाभण टोचून पाहा. पाव इंच सहज गेलं तर त्या कडीवर फळी जडू नका. शेजारी नवी कडी घालायची आणि तिचं टोक भिंतीत न घालता लाकडी टेकूवर घ्यायचं.

निखळ मराठी
टेकू की धीरा? इथे धीरा जास्त नेमका वाटतो.