पोकेमॉन रेड आणि ब्लू : केबलच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? (अनुभव धागा)

पोकेमॉन हा निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय ह्या हातात मावणाऱ्या यंत्रावरचा खेळ. पोकेमॉन नावाची जनावरं पकडायची, लढवायची, आणि दोन गेम बॉय केबलने जोडून एकमेकांत बदलायची. जपानात २७ फेब्रुवारी १९९६ ला 'पॉकेट मॉन्स्टर्स' ह्या मूळ नावाने त्याचे रेड आणि ग्रीन असे दोन भाग एकाच दिवशी आले. बाकीच्या जगाला बरंच थांबावं लागलं. अमेरिकेत 'पोकेमॉन रेड' आणि 'ब्लू' आले २८ सप्टेंबर १९९८ ला, ऑस्ट्रेलियात त्याच ऑक्टोबरात, युरोपात थेट ५ ऑक्टोबर १९९९ ला. नेमक्या त्याच वर्षांत आपली बरीच मंडळी वायटूकेच्या, म्हणजे सन २००० साठी कॉम्प्युटर तयार करायच्या, कामांसाठी मुलाबाळांसकट परदेशी गेली होती. त्या मुलांच्या हातात हा खेळ कसा आला, हे मला खूप दिवसांपासून विचारायचं होतं. एकट्याने पुरा होणार नाही, असाच तो मुद्दाम बनवलेला. तेव्हा मंडळी, लिहा. कुठे होतात, कुणी आणून दिला, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं?

सुरुवात माझ्यापासून करतो.

एडिसन, न्यू जर्सी. तेव्हा पाचवीत

नाशिकच्या मराठी शाळेतून उचलून मला थेट तिकडच्या वर्गात बसवलं होतं. बोललेलं कळायचं, पण उत्तर जुळवेपर्यंत समोरचा पुढे निघून गेलेला असायचा. मधल्या सुट्टीत मी कुंपणाशी उभा राहायचो. त्या दिवाळीला बाबांनी गेम बॉय पॉकेट आणि रेडचं कार्ट्रिज आणलं.

शाळेच्या बसमध्ये एका मुलाकडे ब्लू होता. रेडमध्ये एकान्स आणि ग्रोलिथ ही जनावरं सापडतात, सँडश्रू आणि व्हल्पिक्स नाहीत. ब्लूमध्ये बरोबर उलट. शिवाय कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर हे चौघे कितीही लढवले तरी त्यांचं पुढचं रूप येत नाही. त्यासाठी त्यांना केबलमधून दुसऱ्याच्या गेम बॉयवर पाठवावं लागतं, आणि मग त्याने ते आपल्याला परत द्यावे लागतात. म्हणजे आधी आपलं सगळ्यात लाडकं जनावर हातचं सोडायचं.

एका शुक्रवारी मी माझा कडाब्रा सोडला. त्याच्या स्क्रीनवर त्याचं पुढचं रूप, अलाकझॅम, उभं राहिलं आणि बस माझ्या थांब्यावर थांबली. ड्रायव्हर बाईंनी हाक मारली, केबल उपटली, मी उतरलो. शनिवार-रविवार मी नीट जेवलो नाही. आईला काय झालंय ते सांगताही येईना.

सोमवारी तो माझ्या थांब्याच्या आधीपासूनच केबल हातात घेऊन बसला होता. अलाकझॅम परत आला तो आठ लेव्हल वर चढून. दुसऱ्याकडून आलेल्या पोकेमॉनला अनुभवाचे गुण दीडपट मिळतात, आणि त्या मुलाने दोन दिवस त्याला लढवलं होतं. माहितीच्या पानावर मूळ मालक म्हणून माझंच नाव होतं. ते खेळ कुणालाच बदलू देत नाही. मधल्या सुट्टीत आम्ही दोघे कुंपणाशी बसायला लागलो ते त्या सोमवारपासून.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. एका आईकडून

मी खेळले नाही, पण पेन्सिल सेल मी आणले. लेकाचा गेम बॉय जुना, जाडजूड, त्याला एकावेळी चार लागायचे. गाडीत बसला की दिव्याच्या खांबांच्या उजेडात खेळायचा, कारण त्या पडद्याला आतून उजेडच नव्हता. खांब आला की दोन पावलं चालायचा, अंधार झाला की थांबायचा.

इंग्रजी वाचायचा तो कंटाळा करायचा. ह्या खेळात मात्र वाचल्यावाचून गत्यंतर नाही. गावातला प्रत्येक माणूस काहीतरी सांगतो, ते कळलं नाही तर पुढची वाट सापडत नाही. माझ्याकडे शब्दकोश असायचा, तो ओट्याशी उभा राहून विचारायचा. एक दिवस ओरडतच आला, "आई, एकान्स उलटं वाच!" इंग्रजी अक्षरं उलटी लावली तर 'स्नेक' होतं. त्याचं पुढचं रूप अर्बॉक, तो उलटा केला की 'कोब्रा'. पोरगं तेव्हापासून दुकानांच्या पाट्या उलट्या वाचू लागलं.

खेळात एक अवाढव्य प्राणी रस्ता अडवून झोपलेला आहे, स्नॉरलॅक्स. बासरी वाजवून त्याला उठवायचं. मी म्हटलं, हा तर आपला कुंभकर्ण! टोपणनावाला दहा अक्षरांची मर्यादा होती. रोमनमध्ये 'कुंभकर्ण' मोजून दहा अक्षरांत बसला. पुढे लेकाने तो शेजारच्या मुलाला दिला, आणि बदलीत आलेल्या पोकेमॉनचं नाव बदलता येत नाही. तो मुलगा मला विचारायला आला, ह्याचा अर्थ काय? मी त्याला आमच्या पायऱ्यांवर बसवून लंकेची गोष्ट सांगितली. ढोल, नगारे, हत्ती, सगळं. दुसऱ्या दिवशी तो बहिणीला घेऊन आला.

ओव्हरलँड पार्क, कॅन्सस

माझं छोटंसंच. खेळ यायच्या महिनाभर आधी, २७ ऑगस्ट १९९८ ला, आमच्यापासून तासाभरावरच्या टोपेका शहराने एका दिवसापुरतं नाव बदलून 'टोपीकाचू' केलं होतं. विमानातून पॅराशूट लावलेले कापडी पिकाचू खाली सोडले. बाबांच्या ऑफिसातल्या एक बाई तिथे गेल्या होत्या, त्यांनी माझ्यासाठी एक आणला. पिकाचू म्हणजे काय हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजी त्याला ससा समजून कोबीचं पान दाखवायची.

पुणे, तेव्हा कावासाकी

मी पुण्यात जपानी शिकले आणि १९९७ मध्ये कंपनीच्या प्रशिक्षणासाठी कावासाकीला गेले. घरमालकीणबाईंचा नातू 'मिदोरी' खेळायचा, म्हणजे हिरवा भाग. मला तो खेळ आवडला तो लिपीमुळे. सगळा मजकूर 'काना' ह्या सोप्या उच्चारलिपीत, 'कांजी' म्हणजे चिनी चित्राक्षर एकही नाही. वर्तमानपत्रासमोर हात टेकणारी मी त्या पडद्यावर भराभर वाचू शकत होते.

नावांची गंमत तर केवढी. 'हितोकागे' म्हणजे 'हि', आग, आणि 'तोकागे', पाल. 'फुशिगिदाने'मध्ये अद्भुत बी आहे, आणि तेच सुटं करून वाचलं तर 'नवलच आहे, नाही?' असं होतं. जपानीत नावाला पाचच अक्षरं मिळत. मग बाहेरच्या देशांसाठी इंग्रजी करताना पाचाची दहा करावी लागली, आणि पहिला झाला चार्मँडर, दुसरा बल्बासॉर. पिकाचूला मात्र कुणी हात लावला नाही. 'पिका' म्हणजे विजेची चमक, 'चू' म्हणजे उंदराचं चूंचूं.

मी स्वतः भाषांतर करते, म्हणून मला हे काम फार मोठं वाटतं. इंग्रजी मजकूर नोब ओगासावारा यांनी केला. पण नुसते शब्द बदलून भागणारं नव्हतं, मूळ प्रोग्रॅम जपानी अक्षरांच्या मापाने शिवलेला. तो कसा उसवायचा याचा अभ्यास सातोरु इवाता यांनी केला. ते तेव्हा निन्टेन्डोत नव्हते, एचएएल लॅबोरेटरी ह्या खेळ बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते. अध्यक्ष माणूस स्वतः कोड वाचत बसला, हे मला दर वेळी आठवतं.

आणि केबलबद्दल. हा खेळ ज्यांना सुचला ते सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे पकडत हिंडायचे. गेम बॉयची केबल पाहिल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे तिच्यावरून एका यंत्रातून दुसऱ्यात सरपटत जाणारा किडा आला. सारा खेळ त्यातून निघाला. आमच्या घरमालकीणबाईंचा नातू केबलला 'हाशी' म्हणायचा, म्हणजे पूल.

लंडन

आम्ही वर्षभर उशिरा. पण गेम बॉयच्या कार्ट्रिजला देशाचं कुलूप नव्हतं, त्यामुळे बोस्टनच्या मामाने १९९९ च्या उन्हाळ्यात आणलेला ब्लू आमच्याकडे बिनबोभाट चालला. वर्गात तो फक्त माझ्याकडे. सगळे भोवती जमायचे, पण केबल जोडायला कुणीच नाही. ऑक्टोबरात दुकानात आला आणि आठवडाभरात चार जण रेड घेऊन उभे. मी चारही जणांच्या घरी जेवले आहे.

मेलबर्न

ट्रक आठवतो का कुणाला? खेळातल्या व्हर्मिलियन गावाच्या बंदरात, एस. एस. अ‍ॅन जहाजाजवळ उभा असलेला. त्याच्याखाली म्यू हा गुप्त पोकेमॉन आहे असं आमच्या शाळेत प्रत्येकाला कुणाच्या तरी चुलतभावाने सांगितलेलं. मी त्यासाठी खेळ पहिल्यापासून परत सुरू केला. ट्रक हलत नाही. खाली काही नाही. म्यू मात्र खरोखर आत होता. शेवटच्या क्षणी जागा मोकळी झाली तेव्हा खेळाचे एक प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतोंनी तो गुपचूप घातला होता. आम्ही जागा चुकलो, पण मूर्ख नव्हतो.

डोंबिवली

आमच्याकडे पोकेमॉन आला टीव्हीवरून, २००३ मध्ये, हिंदीत. खेळ त्यानंतर. इंजिनियरिंगला असलेल्या दादाने फ्लॉपीवर आणला. अख्खा रेड भरतो एक एमबी, फ्लॉपीत मावते १.४४. एवढं मोठं जग, दीडशे जनावरं, आठ जिम म्हणजे लढतीचे आखाडे, ती लॅव्हेंडर गावातली जीव कासावीस करणारी धून, सगळं त्या काळ्या चौकोनात. मी ती फ्लॉपी रुमालात गुंडाळून ठेवायचो.

पण कॉम्प्युटरवर केबल कुठली? माझा हॉन्टर हॉन्टरच राहिला. २७ फेब्रुवारी २०१६ ला हा खेळ थ्रीडीएस ह्या निन्टेन्डोच्या नव्या यंत्रावर अधिकृतपणे परत आला, आणि आता बिनतारी अदलाबदल करता येत होती. तेव्हा मी बंगळुरूला नोकरीत होतो. कॅन्टीनमध्ये टीममधल्या एका तमिळ मुलीशी हॉन्टर बदलला. त्याचं पुढचं रूप गेंगार आलं तेव्हा मी बारा वर्षांनी दादाला फोन करून सांगितलं. त्याला सगळं आठवत होतं.

ठाणे

भाऊ टोरांटोला वाढला, मावशीकडे. गेल्या वर्षी त्याने आपलं लाल कार्ट्रिज माझ्या मुलीसाठी पाठवलं. चालू केलं, तर पडद्यावर 'न्यू गेम' आणि 'ऑप्शन' एवढंच. वर 'कंटिन्यू' असायला हवं होतं. आत एक बटण-सेल असतो, त्याच्यावर खेळलेलं सगळं जपलं जातं. तो संपला की सगळं गेलं. व्हिडिओ कॉलवर भाऊ जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "एकदा काढून, पुसून परत लाव." लावलं. तेच.

लॅमिंग्टन रोडवर घेऊन गेले. साध्या स्क्रू ड्रायव्हरने ते उघडत नाही. दुकानदाराने ड्रॉवरमधून बरोबर पाना काढला, जुना सेल उचकटला, नव्याच्या पट्ट्या डाग देऊन बसवल्या. पाच मिनिटं.

लेकीने बल्बासॉर घेतला आहे. खेळाडूच्या नावाला सातच अक्षरं मिळतात, तिचं शेवटचं एक कापावं लागलं. भावाने तिकडे जुना ब्लू शोधून घेतलाय, डिसेंबरात येताना आणणार. केबल मी आधीच मागवून ठेवली आहे, टीव्हीच्या कपाटात, वरच्या खणात.