आवाज झाला, आवाज आला, ऐकू आला

प्रश्न : 'निर्जन रानात झाड कोसळलं आणि ऐकायला कुणीच नसेल, तर आवाज होतो का?' हा जुना प्रश्न मला एका लेखासाठी मराठीत मांडायचा होता. पहिल्या मसुद्यात 'आवाज होतो का' असं लिहिलं. तो वाचून मैत्रीण म्हणाली, "होणारच की, यात विचारण्यासारखं काय आहे?" मग 'आवाज येतो का' असा बदल केला, तर तिचा लगेच प्रश्न, "कुणाला?" इथे नेमका शब्द कोणता वापरावा? आवाज, ध्वनी, नाद की आणखी काही?

उत्तर : तुमच्या मैत्रिणीने दोन्ही वेळा नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. अडचण नामाची नाहीच, क्रियापदाची आहे. आवाजाऐवजी ध्वनी घेतला, नाद घेतला, तरी अडचण तशीच राहील.

मराठीत आवाज होतो, आवाज येतो आणि आवाज ऐकू येतो. ही तीन वेगळी विधानं आहेत. आवाज झाला म्हटलं की आपण विचारतो, कुठे झाला, कशाचा झाला. त्या वाक्याला जागा लागते आणि कारण लागतं, ऐकणारा लागत नाही. 'वरून आवाज आला' म्हटलं की मात्र 'मला' किंवा 'आम्हाला' हे न उच्चारताही त्यात असतं. येणं म्हणजे कुठेतरी पोहोचणं, आणि इथे पोहोचण्याचं ठिकाण म्हणजे कुणाचा तरी कान. फोनवर आपण 'आवाज येतोय का?' असं विचारतो. त्याच जागी 'आवाज होतोय का?' असं विचारून पाहा. समोरच्याला वाटेल, आपल्या गडबडीचा त्याला त्रास होतोय का, असं आपण विचारतो आहोत.

एक सोपी कसोटी सांगतो. 'गजर झाला, पण मला ऐकू आला नाही' हे वाक्य कुणालाही खटकत नाही. 'गजर ऐकू आला, पण झालाच नव्हता' हे खटकतं, आणि तिथे भाषा लगेच वेगळा शब्द पुढे करते : भास झाला. म्हणजे होणं ऐकण्यावर अवलंबून नाही, उलट ऐकण्याचा खरेपणा होण्यावर ठरतो, असं आपण रोजच्या बोलण्यात धरून चालतो. याची दुसरी बाजूही भाषेने सांभाळली आहे. कानाच्या विकारात बाहेर काहीही नसताना सतत सूं सूं ऐकू येतं. त्या वेळी माणूस सहसा 'कानात आवाज येतो' म्हणतो. आवाज आला, पण झाला नाही, ही स्थितीही आपल्याला सांगता येते.

म्हणून लेखात मूळ कोडं जसंच्या तसं ठेवायचं असेल, तर 'आवाज झाला असं म्हणता येईल का?' असं लिहा. 'म्हणता येईल का'मुळे प्रश्न शब्दाच्या अर्थाबद्दल आहे हे स्पष्ट होतं, आणि तो तसाच आहे.

आता जरा बाजूचं, पण याच धाग्यातलं. 'वाजणे' हे क्रियापद पाहा. 'घंटा वाजली' याला ऐकणारा लागत नाही. पण 'थंडी वाजली' म्हटलं, की ती कुणाला तरी वाजलीच पाहिजे. निर्जन डोंगरावर थंडी असते, थंडी पडते, पण तिथे थंडी वाजत नाही, कारण वाजायला अंग नाही. एकाच क्रियापदाचा एक वापर वस्तूच्या बाजूचा आणि दुसरा अनुभवणाऱ्याच्या बाजूचा. ज्यांना हे झाडाचं कोडं मुलांना समजावून सांगायचं आहे, त्यांनी या दोन वाक्यांपासून सुरुवात करावी.

'चाहूल' हा शब्द तर पूर्णपणे अनुभवणाऱ्याच्या पदरात पडलेला आहे. चाहूल 'लागते', ती 'होत' नाही. पाऊल पडलं, पाचोळा चुरचुरला, इथवर कुणी नसलं तरी चालेल. त्याची चाहूल लागायला मात्र सावध झालेला कान हवा. 'कुणकुण'चंही तसंच. उलट सळसळ, खळखळ, कडकड हे शब्द रानात एकटे राहू शकतात. तरी त्यांच्यातही एक मेख आहे : ते सगळे कानाने ऐकून बनवलेले आहेत. 'झाड धाडकन पडलं' असं लिहिलं की 'धाडकन'मध्ये आपण आपला कान त्या रानात नेऊन ठेवलेला असतो. कोड्याच्या वाक्यात म्हणून 'धाडकन' नको, 'कोसळलं' हेच बरं.

प्रतिसाद : हे पटलं नाही. शाळेत आपण ध्वनीची व्याख्याच अशी शिकलो, की कानात ऐकण्याची संवेदना निर्माण करणारी ऊर्जा म्हणजे ध्वनी. कान नसेल तर संवेदना नाही, मग ध्वनी कुठून आला? हवेतला कंप म्हणा हवं तर, पण त्याला आवाज कसं म्हणायचं?

उत्तर : हा आक्षेप वजनदार आहे आणि तुम्ही एकटे त्या बाजूला नाही. जॉर्ज बर्कली हा तत्त्वज्ञ त्याच दिशेने गेला. १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संवादात एक जण म्हणतो, ऐकलेला ध्वनी वेगळा आणि हवेतली हालचाल हा खरा ध्वनी वेगळा. दुसरा त्याला तिथेच पकडतो : मग खरा ध्वनी कधी ऐकताच येणार नाही, कारण हालचाल ही बघण्याची किंवा स्पर्शाने कळण्याची गोष्ट आहे! ही कोंडी खरी आहे. अमेरिकेच्या ध्वनिशास्त्रीय परिभाषेच्या राष्ट्रीय मानकात तर ध्वनीच्या व्याख्येत दोन्ही अर्थ दिले आहेत, माध्यमातली आंदोलनं आणि त्यांनी जागी केलेली श्रवणसंवेदना. म्हणजे शास्त्रानेही एका शब्दाला दोन्ही कामं दिली आहेत.

पण शाळेतली व्याख्या नीट वाचा. 'संवेदना निर्माण करणारी' हे विशेषण पात्रता सांगतं, प्रत्येक वेळी ती निर्माण झालीच असं सांगत नाही. जाळणारी आग समोर काहीच नसताना आगच असते. अन्नंभट्टाने तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात हीच गोष्ट तीन शब्दांत मांडली आहे : 'श्रोत्रग्राह्यो गुणः शब्दः'. कानाने घेता येण्याजोगा गुण म्हणजे शब्द, आणि शब्द इथे ध्वनी या अर्थाने. त्याने 'ग्राह्य' म्हटलं, 'गृहीत' म्हटलं नाही. ग्राह्य म्हणजे घेण्याजोगं, गृहीत म्हणजे घेतलेलं. तुमचा आणि माझा सगळा वाद या दोन प्रत्ययांच्या मधल्या फटीत आहे, आणि अन्नंभट्टाने बाजू निवडलेली आहे. वाचनीय, पेय, दृश्य, श्राव्य हे सगळे याच घडणीचे शब्द. न वाचलेलं पुस्तकही वाचनीय असू शकतं.

शिवाय नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, ध्वनी कानापर्यंत कसा पोहोचतो याचीही चिंता होती. पाण्यात एका लाटेतून दुसरी लाट उठत जाते तसा, म्हणजे वीचीतरंगन्यायाने. किंवा कदंबाच्या गोल कळीला एकाच वेळी सगळीकडे केसर फुटतात तसा, म्हणजे कदंबमुकुलन्यायाने. दोन्ही दृष्टांतांत ध्वनी कानाबाहेर, आधी निघतो. कदंबाची कळी कधी हातात घेऊन पाहिली असेल तर ही कल्पना किती चपखल आहे ते कळेल. कुठल्याही एका बाजूला जास्त नाही, कुठल्याही एका श्रोत्यासाठी नाही.

आता प्रत्यक्षातली दोन उदाहरणं, कारण नुसत्या व्याख्यांनी माझंही समाधान होत नाही.

२७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. तो सुमारे ४,८०० किलोमीटर दूर, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर तोफांच्या गडगडाटासारखा ऐकू आला. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा तो तिथे पोहोचायला जवळजवळ चार तास लागले. रॉड्रिग्जच्या पलीकडे तो कुणाला ऐकू आल्याची नोंद नाही. पण हवेच्या दाबाची तीच लाट पुढे जातच राहिली आणि पृथ्वीला फेऱ्या घालत असताना जगभरच्या वायुभारमापकांवर अनेक दिवस उमटत राहिली. ऐकणारा शेवटचा कान जिथे संपला, तिथे आवाज संपला असं म्हणायचं का? मग कानांची वस्ती थोडी पुढे असती तर आवाजही पुढे गेला असता. आवाजाची हद्द माणसांच्या वस्तीने ठरते, हे मला मान्य करता येत नाही.

दुसरं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तिनव्हिल या फ्रेंच माणसाने १८५७ साली एका यंत्राचं पेटंट घेतलं. कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला ताठ केस, आणि त्या केसाखाली फिरणारा काजळी धरलेला कागद. कुणी कर्ण्यात गायलं की पडदा थरथरे आणि केस काजळीत नागमोडी रेघ ओढे. ती रेघ परत वाजवण्याची सोय यंत्रात नव्हती आणि त्याचा तसा हेतूही नव्हता. त्याला आवाज डोळ्यांनी पाहायचा होता. ९ एप्रिल १८६० रोजी एका लोकगीताच्या काही ओळी त्याने अशा उतरवल्या. तो कागद जवळजवळ दीडशे वर्षं मुका पडून होता. २००८ साली संशोधकांनी त्या रेघेची प्रतिमा घेऊन तिचं पुन्हा ध्वनीत रूपांतर केलं आणि ते गाणं ऐकू आलं. तुमच्या व्याख्येप्रमाणे त्या कागदावर कशाची नोंद होती? संवेदनेची नक्कीच नाही, कागदाला ती नसते. ती आवाजाचीच नोंद होती. १८६० साली त्या खोलीत गाणारा सोडून कुणी नसतं, आणि गाणाराही बहिरा असता, तरी रेघ तशीच उमटली असती आणि २००८ साली आपण म्हटलं असतं, त्या दिवशी त्या खोलीत आवाज झाला होता.

तुमचं एक मात्र मी पूर्ण मान्य करतो. मंजुळ, कर्कश, किनरा, घोगरा ही विशेषणं आणि 'गोंगाट' हे नाम ऐकणाऱ्याशिवाय अधांतरी राहतात. वारंवारता हवेत असते, पण कर्कशपणा ऐकणाऱ्यापाशी असतो. आपल्या परिभाषेत २० हर्ट्झच्या खालच्या ध्वनीला अवश्राव्य आणि २०,००० हर्ट्झच्या वरच्या ध्वनीला श्राव्यातीत म्हणतात. दोन्ही नावांत माणसाचा कान मोजपट्टी म्हणून बसलेला आहे. तरी पुढे 'ध्वनी' हाच शब्द राहतो. ऐकू न येणारा ध्वनी, असं आपण कुठलीही ओढाताण न करता म्हणतो.

प्रतिसाद : आवाजाचं समजलं. पण कुणी पाहिलंच नाही, तर झाड पडलं हे तरी कशावरून? 'माझ्या अपरोक्ष घडलेल्या' गोष्टीबद्दल मी खात्रीने कसं बोलू?

उत्तर : आधी शब्द. पाठीमागे, नजरेआड या अर्थी मूळ शब्द 'परोक्ष' आहे. अक्षाच्या, म्हणजे इंद्रियाच्या, पलीकडचं ते परोक्ष. 'अपरोक्ष' म्हणजे नेमकं उलट, प्रत्यक्ष. अपरोक्षानुभूती म्हणजे थेट अनुभव. मराठीत 'माझ्या अपरोक्ष' हे 'माझ्या माघारी' या अर्थाने इतकं रुळलं आहे, की बोलण्यात मी कुणाला अडवत नाही. पण अशा चर्चेत तो शब्द टाळावा, नाहीतर वाक्याचा अर्थ उलटा होतो. 'माझ्या माघारी' लिहा.

आता खात्रीचं. पाणिनीने न पाहिलेल्या भूतकाळासाठी क्रियापदाचं वेगळं रूपच नोंदवलं आहे : 'परोक्षे लिट्'. बोलणारा त्यातून एवढंच सांगतो, की हे घडलं आणि मी त्याचा साक्षी नव्हतो. साक्षी नव्हतो म्हणून ते घडलं नाही, असं ते रूप म्हणत नाही. मराठीत ते रूप राहिलं नाही, पण 'पडलं' आणि 'पडलं असेल', 'पडलेलं दिसतंय' हे फरक आपण करतोच. आडवं झालेलं खोड पाहून 'पडलेलं दिसतंय' म्हणणारा माणूस घटनेबद्दल साशंक नसतो. तो आपण ती कशी जाणली तेवढं प्रामाणिकपणे सांगत असतो.

याच सूत्रावर पतंजलीने महाभाष्यात एक उदाहरण दिलं आहे. परोक्ष म्हणजे काय? कुणी म्हणतात शंभर वर्षांपूर्वीचं, कुणी म्हणतात भिंतीआडचं. मग ज्याचं मन जागेवर नाही, त्याला समोरचंही परोक्षच की! शाकटायन नावाचा वैयाकरण रथमार्गावर बसलेला होता. गाड्यांचा तांडा त्याच्या समोरून निघून गेला. तो जागा होता, डोळे होते, कान होते, तरी त्याला तांडा कळला नाही. पतंजली कारण देतो : मन जोडलेलं असेल तरच इंद्रियांना कळतं.

'शाकटायन' या नावातच 'शकट' म्हणजे गाडी आहे. तो तांडा जाताना त्या रस्त्यावर चाकांचा खडखडाट झाला असणार. त्याच्या कानांपर्यंत आवाज आला असणार. त्याला तो ऐकू आला नाही.