मराठी शब्द मोजायला ब्राउझरमधलं फुकट साधन हवंय

नमस्कार मंडळी. साधारण ४०,००० शब्दांचा युनिकोड मराठी मजकूर आहे. कोणता शब्द किती वेळा आलाय, त्याची यादी हवी आहे.

पहिल्या दोन साइट्सनी काना-वेलांटीवरच शब्द तोडले. 'किती'चे झाले 'क' आणि 'त'. मग मजकूर व्हॉयंट टूल्स या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मजकूर-विश्लेषणाच्या साधनात टाकला, 'आणि', 'आहे' वगैरे वगळायची यादी हाताने भरली. पण 'घरात', 'घराला', 'घराचा' वेगवेगळे मोजले जातात (प्रत्यय लागल्यावर दुसरं काय होणार म्हणा).

खरी डोकेदुखी वेगळीच. टाइप करणारे दोघं होते. एकाने 'दुसऱ्या' लिहिताना नुक्तावाला (खाली टिंब असलेला) 'ऱ' वापरलाय, दुसऱ्याने साधा 'र', हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह). दिसायला तंतोतंत सारखे, यादीत मात्र दोन शब्द! फाइंड-रिप्लेस करावं तर तो अदृश्य झेडडब्ल्यूजे शोधाच्या चौकटीत पेस्ट झाला की नाही, तेच कळत नाही.

लॅपटॉप ऑफिसचा, त्यामुळे काही इन्स्टॉल करता येत नाही. पायथन येत नाही. फाइल साधी टेक्स्ट, यूटीएफ-८ मध्येच आहे.

प्रत्यय बाजूला काढून मूळ शब्दाखाली मोजणारं एखादं साधन कुणी मराठीसाठी वापरलंय का? निदान हे दोन 'ऱ्या' ब्राउझरमध्येच एकसारखे कसे करायचे?