पाय मुरगळला की हाड गेलं? आपापले अनुभव सांगा

धागाकर्ता, सातारा
अजिंक्यताऱ्यावरून उतरताना डावा पाय आत वळला. कट्ट आवाज आला. घरी पोचेपर्यंत बाहेरच्या घोट्यावर लिंबाएवढं टेंगूळ! आई म्हणाली, "बोटं हलतायत ना? मग हाड शाबूत." डॉक्टर हसले. हाड मोडलं तरी बोटं हलतात म्हणे. त्यांनी घोट्याच्या हाडाची मागची कडा टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत अंगठ्यानं दाबत नेली, आतल्या बाजूनंही. काही नाही. घोट्याच्या पुढच्या खळग्यात दाबलं आणि मी ओरडलो. तिथलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ताणलेलं. मग चार पावलं टाकायला लावली. लंगडत टाकली. एक्सरे काढायची गरजच पडली नाही.

सांगली, विश्रामबाग
माझं नेमकं उलट. रिक्षातून उतरताना पाय वाकडा पडला. सूज अगदी बेताची, म्हणून सासूबाईंनी आंबेहळद लावली आणि मी दोन दिवस भाकऱ्या थापल्या, एका पायावर. पण करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा असतो ना, तिथं बोट टेकवू देईना. एक्सरेत नेमकं तेच हाड मोडलेलं. सुजेवरून ठरवू नका बायांनो.

कराड, कबड्डीवाला
आमच्याकडं मुरगळला की एकजण टाच धरून ओढणार, दुसरा गरम तेल चोळणार. दुसऱ्या दिवशी पाय भोपळा. आता पहिले दोन-तीन दिवस चोळणं बंद, शेक बंद. टॉवेलात बर्फ, पंधरा-वीस मिनिटं, पाय उशीवर. तरी तोच घोटा तीनदा गेला, कारण दुखायचं थांबलं की मी लगेच मैदानात. सध्या घोट्याचा तोल परत यावा म्हणून दात घासताना त्याच एका पायावर उभा राहतो. डोळे मिटून तर दहा आकडे होईनात!

वाई
वडिलांना मधुमेह, पायांना बधिरपणा. त्यांना दाबून विचारलं तर "काय नाय" म्हणाले. चाललेसुद्धा. हाड मोडलेलं होतं. अशांच्या बाबतीत ही दाबायची परीक्षा धरू नका, सरळ एक्सरे काढा.

धागाकर्ता
आज पाचवा दिवस. निळं-जांभळं बोटांपर्यंत उतरलंय. बिघडलं का काय?

कराड, कबड्डीवाला
नाय ओ. साकळलेलं रक्त खाली उतरतंय. माझं तर तळव्यापर्यंत आलं होतं.